चालतंय की!

बेळगाव-निपाणीकडच्या माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा शब्दप्रयोग कोणता, असे कुणी विचारले तर ‘चालतंय की’ हेच उत्तर द्यावे लागेल. चहात साखर कमी पडली, चालतंय की. निपाणीची थेट बस नाही, संकेश्वरला उतरून दुसरी धरावी लागेल, चालतंय की. स्वतःची गैरसोय सोसावी, पण समोरच्याला अवघडून टाकू नये, असा आपल्या मुलखाचा समजूतदारपणा या दोन शब्दांत आहे आणि तो मला मनापासून आवडतो.

पण याच दोन शब्दांना आणखी एक अर्थ आहे. मोटारसायकल उतारावर लावली तरच सुरू होते, म्हणून मालक ती रोज उतारावरच लावतो. दुरुस्त का करत नाही, असे विचारले की उत्तर येते, ‘चालतंय की!’ इथे गैरसोय सोसणे नाही. इथे दोषाशी केलेला एक सलोखा आहे. दोष आहे हे ठाऊक आहे, त्याला वळसा घालण्याची युक्ती सापडली आहे आणि त्या युक्तीचा थोडा अभिमानही आहे. गेली पंचवीस-तीस वर्षे मी या भागातल्या मुलांना संगणकाची भाषा शिकवत आलो. मराठी घरातली, कन्नड घरातली, दोन्ही भाषा घरात नांदणारी अशी सगळीच मुले माझ्यापुढे बसली. त्या सर्वांकडून हे दोन शब्द मी दुसऱ्या अर्थानेच अधिक ऐकले आहेत. त्यातून जो प्रश्न मनात घर करून राहिला तो केवळ संगणकाचा नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो. एखाद्या साधनातली चूक आपल्या उपयोगी पडत असेल, तर तिच्यावर आपले काम उभे करावे काय? आणि पुष्कळांनी तसे केल्यावर ती चूक दुरुस्त करण्याचा हक्क कुणाला उरतो काय?

प्रथम साधनाची ओळख करून देतो. माणूस संगणकासाठी ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो ती यंत्राला थेट कळत नाही. यंत्राला कळतील अशा सूचनांत तिचे भाषांतर करणारा एक स्वतंत्र प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. सीमाभागातल्या वाचकाला हे समजावण्यास मला एक शब्द पुरतो. कंपायलर म्हणजे दुभाषा. तालुका कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला, मराठी शेतकऱ्याचे बोलणे ऐकून कन्नडात अर्ज लिहून देणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. शेतकरी म्हणतो, ‘वरच्या अंगाचं शेत माझ्या नावावर करा.’ गट नंबर सांगायला तो विसरतो. लेखनिक गाव ओळखतो, माणूस ओळखतो, नंबर आपणच घालतो. काम होऊन जाते. दोन-तीनदा असे झाले की शेतकऱ्याची समजूत होते, की नंबर सांगावाच लागत नाही. पुढे त्या टेबलावर नवा माणूस येतो. तो सांगितले तेवढेच लिहितो, आणि अर्ज परत येतो. आता चूक कुणाची? शेतकरी म्हणेल, इतकी वर्षे चालत होते. नवा माणूस म्हणेल, अर्जात नंबर लागतो हा नियम काही आज झालेला नाही. दोघेही खरे बोलत असतात.

संगणकाच्या जगात हा प्रसंग रोज घडतो. ‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडवली. १९८९ मध्ये तिचे अधिकृत प्रमाण ठरले, म्हणजे तिचे व्याकरण छापून निघाले. या व्याकरणाचे एक वैशिष्ट्य असे, की काही ठिकाणी ते मुद्दाम गप्प बसते. अमुक प्रकारचे वाक्य लिहिलेत तर काय होईल, हे आम्ही सांगत नाही; कंपायलरने काहीही करावे. उत्तर बरोबर येईल, चूक येईल, यंत्र बंद पडेल किंवा काहीच होणार नाही. नियमाने अशा वाक्याचे परिणाम ‘अनिश्चित’ ठरवले आहेत. त्यावर जाणकारांत एक विनोद रूढ आहे, की अशा वाक्यामुळे तुमच्या नाकातून भुते बाहेर पडली तरी कंपायलरने नियम मोडला असे म्हणता येणार नाही.

आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात. गप्प राहिला तो कबूल झाला. लग्नाच्या बोलणीत हे कदाचित खरे असेल, पण प्रोग्राम लिहिणारा बहुधा इथेच फसतो. नियम गप्प आहे, कंपायलरने अडवले नाही आणि उत्तरही हवे तसे आले. त्यातून तो संमती वाचतो. प्रत्यक्षात त्याला कुणी काही कबूल केलेले नसते.

आमच्या वर्गांत टर्बो सी नावाचा कंपायलर असे. बोरलँड कंपनीने तो १९८७ मध्ये बाजारात आणला आणि डॉसवर चालणाऱ्या यंत्रांतून तो भारतभरच्या कॉलेजांत पोचला. जगाने त्याला निवृत्त केल्यावरही आपल्याकडे तो वर्षानुवर्षे चालला. निळा पडदा, पिवळी अक्षरे. या मजकुराच्या वाचकांपैकी पुष्कळांना तो आठवत असेल. त्या काळी परीक्षेत आणि नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न हटकून येई. एकाच वाक्यात एकाच संख्येला दोनदा वाढवून बेरीज केली तर उत्तर काय? मुले उत्तर पाठ करीत. ‘सी’चे व्याकरण या वाक्याविषयी गप्प आहे, त्यामुळे प्रश्नाला उत्तरच नाही, हे सांगितले तर मुले म्हणत, ‘सर, आपल्या मशीनवर तर येतंय की!’ एका दुभाष्याची सवय हा भाषेचा नियम म्हणून शिकवला जात होता आणि त्याला गुण मिळत होते. त्याच कंपायलरमध्ये असेही होई, की जिथे लिहायची परवानगी नाही अशा स्मृतीच्या अगदी पहिल्या घरात प्रोग्रामने काही खरडले, तरी तो शेवटपर्यंत चाले आणि संपताना फक्त एक ओळीची तक्रार पडद्यावर येई. मुले ती ओळ वाचतच नसत. काम झाले होते ना!

इथवर हा शाळकरी प्रकार वाटेल. पण तो शाळेत राहत नाही. या भागातल्या एका पतसंस्थेचा हिशेब डॉसच्या दिवसांत एका हुशार तरुणाने संगणकावर आणून दिला होता. बेरजेसाठी घेतलेले घर आधी शून्य करून घ्यावे लागते. त्याने तसे केले नव्हते. त्या कंपायलरवर, त्या यंत्रात, त्या जागी योगायोगाने शून्यच असे, हे त्याने हेरले होते. एक ओळ वाचली, चार लोकांत सांगायला एक युक्ती झाली. संस्थेने पुढे नवी यंत्रे घेतली. तोच प्रोग्राम नव्या कंपायलरमधून काढला, तेव्हा त्या घरात शून्य राहिले नाही. आधीच्या कामाचा काहीतरी गाळ राहू लागला, तोही कधी कधीच. काही खात्यांच्या बेरजा जुळेनात. संशय कुणावर गेला? दारोदार फिरून पिग्मी गोळा करणाऱ्या माणसावर. रोज दहा-वीस रुपये घेऊन पुस्तकात लिहून देणारा तो माणूस दोन आठवडे मान खाली घालून फिरला. चूक सापडली, त्याची मान मोकळी झाली. पण त्या दोन आठवड्यांत ज्या दारांनी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही, ती दारे तो विसरला असेल असे मला वाटत नाही.

मला या हकिगतीत दिसणारी नैतिक गोष्ट अशी. युक्तीचा फायदा एकाने घेतला आणि तिची किंमत दुसऱ्याने भरली. त्या दुसऱ्याला युक्ती अस्तित्वात आहे हेच माहीत नव्हते. मोटारसायकल उतारावर लावणारा निदान स्वतःच ढकलत नेतो. त्याची युक्ती त्याच्यापुरती आहे. पण तोच माणूस दोष न सांगता गाडी विकतो, तेव्हा युक्तीचे रूप बदलते. चुकीचा उपयोग करणे पाप आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. ती चूक उद्या नाहीशी झाली तर कोण पडेल आणि त्याला हे आधी ठाऊक आहे काय, असे विचारले पाहिजे.

मोठ्या जगातले एक उदाहरण याहून बोलके आहे. संगणकात संख्येला मर्यादा असते. मोटारीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखी ती भरली की पुष्कळ यंत्रांवर उलटून मागे जाते. सावध प्रोग्रामर याचाच उपयोग पहारा म्हणून करीत. दोन संख्या मिळवून उत्तर लहान झाले, तर समजावे की मर्यादा ओलांडली, आणि काम थांबवावे. परंतु ‘सी’च्या व्याकरणात अशा ओलांडण्याविषयी मौन आहे. कंपायलर लिहिणारे हुशार झाले तसे त्यांनी त्या मौनाचा वेगळा अर्थ लावला. मिळवल्यावर संख्या लहान होणे नियमात बसत नाही, म्हणजे तसे कधी होणारच नाही. मग ही तपासणी फुकटची आहे, काढून टाकू. प्रोग्राम वेगवान झाला आणि पहारेकरी गुपचूप नाहीसा झाला. जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरबाबत २००७ मध्ये यावरून मोठा वाद झाला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणक-सुरक्षा केंद्राला जाहीर इशारा द्यावा लागला, की कंपायलर अशा तपासण्या न सांगता गाळू शकतात.

या भांडणात एक बाजू म्हणत होती, नियम वाचा. आम्ही कधी वचन दिले होते? दुसरी म्हणत होती, वीस वर्षांची वहिवाट काय वाऱ्यावर सोडायची? आपल्या भागात शेताच्या बांधावरून, पाणंदीवरून अशी भांडणे किती पिढ्या चालतात ते सांगायला नको. कागदावर रस्ता नाही, पण आजोबांपासून बैलगाडी तिथूनच जाते. कायदासुद्धा वहिवाटीला काही किंमत देतो. परंतु वहिवाट सिद्ध करायची तर ती उघड असावी लागते. रात्री गुपचूप नेलेल्या गाडीची वहिवाट होत नाही.

या ‘उघड’ शब्दापाशी मला थांबावेसे वाटते, कारण दुरुस्त करणाऱ्याचे कर्तव्यही इथेच सुरू होते. आजवर मी वापरणाऱ्यालाच बोल लावला. पण चूक काढून टाकणारा नेहमी शहाणाच असतो, असे नाही.

१९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेतच स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे एक साधन लिहिले. त्यात काही ओळींच्या आरंभी टॅबच द्यावा लागे. मोकळ्या जागा दिल्या तर चालत नसे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे लोक फसत. ही रचना बरी नाही, हे फेल्डमन यांना लवकरच उमगले. पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते, बहुतेक त्यांचे स्नेहीच. त्यांचे काम मोडू नये म्हणून त्यांनी ते तसेच ठेवले. डझनभर मित्रांची सोय पाहिली आणि पुढच्या लक्षावधी लोकांच्या कपाळी तो टॅब आला. आजही तो आहे. सौजन्यसुद्धा किती महाग पडू शकते!

दुसरे उदाहरण घरच्या संगणकावर पाहता येईल. इसवी सन १९०० हे लीप वर्ष नव्हते. शतकाचे वर्ष चारशेने भागले जात असेल तरच त्याला २९ फेब्रुवारी मिळतो. १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामने मात्र १९०० ला तो दिवस देऊन टाकला. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेल आणले, तेव्हा लोटसमधले लोकांचे हिशेब जसेच्या तसे उतरावेत म्हणून ही चूक जाणूनबुजून उचलली. निपाणीच्या तंबाखूच्या पेढीपासून न्यूयॉर्कच्या बँकेपर्यंत जिथे एक्सेल आहे तिथे कधीही न उगवलेला तो दिवस दिनदर्शिकेत मुकाट्याने बसला आहे. आपल्या पंचांगात क्षयतिथी असते, ती गणिताने येते आणि पंचांगकर्ते ती छापून सांगतात. एक्सेलची ही जादा तारीखही कंपनीने लपवलेली नाही; का ठेवली, हे जाहीर सांगितले आहे. म्हणून ती हास्यास्पद असली तरी मला ती अप्रामाणिक वाटत नाही.

तिसरे उदाहरण २०१० मधले. लिनक्समधल्या एका मूलभूत सोयीचे काम म्हणजे स्मृतीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उतरवणे. दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या असतील तर ही सोय वापरू नका, असे नियमात स्पष्ट होते. तरी काही प्रोग्राम वापरत, आणि उतरवणे पुढून मागे होत असल्यामुळे निभावून जाई. वेग वाढवण्यासाठी ते उलट दिशेने होऊ लागले, आणि ॲडोबी फ्लॅशमधून येणारे गाणे खरखरू लागले. नियमाप्रमाणे दोष फ्लॅशचा. पण लिनक्सचे कर्ते लायनस टॉरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्याची बाजू घेतली. घरी बसून गाणे ऐकणाऱ्याला नियमाशी काय कर्तव्य? काल नीट ऐकू येत होते, आज येत नाही, एवढेच त्याला कळते. शेवटी तोडगा निघाला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. पूर्वी तयार झालेल्या प्रोग्रामांना जुनीच वागणूक मिळत राहील, नव्याने तयार होणाऱ्यांना नवा नियम लागू होईल. जुन्या माणसाला वाऱ्यावर सोडले नाही आणि नव्याला चुकीची सवयही लावली नाही.

आता आपल्याच भाषेकडे वळतो, कारण मराठीचा संगणकातला संसार अशाच एका युक्तीवर उभा राहिला. १९९० च्या दशकात दिवाळी अंक खिळ्यांवरून संगणकावर आले. त्या यंत्रांना देवनागरी ठाऊक नव्हती. तेव्हा शिवाजीसारखे फॉन्ट आले. संगणक समजत असे की आपण इंग्रजी अक्षरे साठवतो आहोत. फॉन्टने त्या अक्षरांना मराठी रूप चढवलेले असे. यंत्राच्या अज्ञानाचा हा सरळ फायदा होता. त्याचे मजेदार हालही होत. इंग्रजी वाक्याचे पहिले अक्षर मोठे करण्याची सवय संगणकाने चालू ठेवली की मराठी शब्दाच्या आरंभी भलतेच अक्षर उमटे. कन्नड मजकुराचीही हीच तऱ्हा होती. तरी या युक्तीला मी नावे ठेवणार नाही. ती नसती तर सीमाभागातल्या छोट्या अंकांना संगणक परवडलाच नसता. पण त्या युक्तीचा हिशेब पुढे चुकवावा लागला. त्या काळच्या फायली आज उघडल्या आणि नेमका तो फॉन्ट हाताशी नसला, तर कथा-कवितांच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कोणत्या फॉन्टमध्ये कोणत्या जागी कोणते अक्षर बसवले, हे ज्यांनी लिहून ठेवले त्यांचा मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. ज्यांनी ठेवले नाही त्यांचा मजकूर छापील प्रतीवरून पुन्हा टाइप करावा लागतो. छापील प्रतही वाळवीने खाल्ली असेल तर विषय संपला.

याउलट एक सुखाची गोष्ट सांगतो. मराठीत दोन प्रकारचे जोडलेले ‘र’ आहेत. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. रफार आणि आडवा अर्धा र यांच्या फरकावर गुरुजींचा मान अवलंबून आहे. हिंदीला या दुसऱ्या अर्ध्या र ची गरज पडत नाही, मराठीचे त्यावाचून अडते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये जे सरकारी प्रमाण ठरले, त्यात यासाठी वेगळे घर नव्हते. मग एक वाट काढली गेली. देवनागरीच्या तक्त्यात खाली टिंब असलेला ‘ऱ’ होता. तो मराठीच्या बाराखडीतला नव्हे. द्राविड भाषांतला कडक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून तो ठेवलेला. जुन्या कन्नडातही असा एक वेगळा र होता; कन्नड पंडित त्याला शकटरेफ म्हणतात. मराठीत या ‘ऱ’चा पाय मोडण्याचा प्रसंग एरवी येणार नव्हता, म्हणून त्याचे अर्धे रूप म्हणजे मराठीचा आडवा र असे ठरवण्यात आले. युनिकोडने हीच पद्धत पुढे चालवली. युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी रीत होती, तीही मागच्या मजकुरासाठी मान्य ठेवली. आजही मराठी माणूस संगणकावर ‘दऱ्या’ लिहितो, तेव्हा तो बहुधा शेजाऱ्याच्या भाषेसाठी राखलेल्या अक्षराचा अर्धा भाग वापरत असतो. सीमाभागातल्या आपल्याला यात नवल वाटू नये. अडीअडचणीला शेजारच्या घरातून विरजण आणणारे आपण!

ही वाट म्हणजे युक्तीच होती. एका कामासाठी ठेवलेले अक्षर दुसऱ्याच कामाला लावले. मग पतसंस्थेतल्या त्या शून्यात आणि या अर्ध्या र मध्ये फरक तो काय? इथे युक्ती उघडपणे मांडली गेली, प्रमाणग्रंथात नियम म्हणून छापली गेली, आणि पुढचा फॉन्ट करणारा कुणीही असो, तिचे पालन त्याच्यावर आले. तिथे ती एका माणसाच्या डोक्यात राहिली.

मराठीचे प्राध्यापक असलेले माझे एक स्नेही यावर हरकत घेतात. ते म्हणतात, ‘भाषा चुकांनीच वाढते. आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आले’ न म्हणता ‘मी आलो’ म्हणतात. पुण्याचा माणूस हसतो, पण इकडे ते शुद्धच आहे. ऋषींनी व्याकरण सोडून लिहिले तर आपण त्याला आर्ष प्रयोग म्हणून नमस्कार करतो. पाणिनीनेसुद्धा नियमात न बसणारी रूपे तयार घडवून सूत्रांत ठेवून दिली. मग तुमच्या त्या पोरानेच काय घोडे मारले?’

हरकत वजनदार आहे. पतंजलीने महाभाष्यात म्हटलेच आहे, की घट हवा असलेला माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द हवे असलेला कुणी वैयाकरणाकडे जात नाही. लोक बोलतात आणि व्याकरण मागून येते. पण हे खरे ठरते, कारण बोलण्यात दोन माणसे असतात. बेळगावची मुलगी ‘मी आलो’ म्हणते तेव्हा ऐकणाऱ्या आईला कोण आले ते नेमके कळते. बोलणारी आणि ऐकणारी यांच्यात करार आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या उघड पाळला जातो, म्हणून ती चूक नव्हेच. पाणिनीची अपवादात्मक रूपेही त्याने सूत्रांत मांडली. कुणाला अंधारात ठेवले नाही. कंपायलर मात्र ऐकणारा माणूस नव्हे. त्याने अडवले नाही म्हणजे त्याला कळले, पटले, तो कबूल झाला, असे काही होत नाही. त्याच्यामागे ती सवय घडवणारी माणसे असतात. त्यांना तुम्ही तिच्यावर घर बांधले आहे याचा पत्ताच नसतो. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली चूक रूढी होऊ शकते. एकाच बाजूला ठाऊक असलेली चूक म्हणजे सापळा.

यावर उपाय आमच्या उद्यमबागेत कधीच सापडलेला आहे. जुन्या लेथच्या स्क्रूला झिजून ढिलाई येते. हँडल उलट फिरवले की डायलचे काही भाग नुसतेच फिरतात, हत्यार हलत नाही. मुरलेला टर्नर ते भाग मनात धरून काम करतो आणि जॉब अचूक उतरवतो. स्क्रू बदलला आणि त्याला सांगितले नाही, तर त्याच अनुभवी हाताने माल बिघडतो. म्हणून समजदार टर्नर यंत्राच्या अंगावरच खडूने लिहून ठेवतो, किती भाग रिकामे जातात ते. पाळी बदलून येणारा पोरगा तेवढे वाचून कामाला लागतो. आणि समजदार फिटर स्क्रू बदलल्यावर पहिले काम करतो ते तो खडू पुसण्याचे.

खडूने लिहिणे आणि खडू पुसणे, या दोन कृतींत मला या प्रश्नाचे उत्तर दिसते. जुने यंत्र टाकून द्या, असे गरीब मुलखाला सांगणे म्हणजे निर्दयपणा आहे. आपल्याला अपुऱ्या साधनांनिशीच जगावे लागते, आणि अपुऱ्या साधनातल्या खाचाखोचा हेरणे ही हुशारीच आहे. पण ती हुशारी ज्याला लिहून ठेवाविशी वाटत नाही, त्याने ती का लपवावीशी वाटते, हे स्वतःला विचारावे. प्रोग्राममध्ये एक ओळ पुरते: ‘हे अमुक कंपायलरच्या अमुक सवयीवर चालते, कंपायलर बदलला तर इथे पाहा.’ जीसीसीत तर त्याहून पुढची सोय आहे. संख्या मर्यादेपलीकडे गेली तर ती उलटूनच मागे यावी, असे त्याला आधी सांगून ठेवता येते. सांगितले, की तो ते पाळतो. तेवढ्यापुरते मौन संपून वचन सुरू होते. फक्त मागावे लागते. आणि दुरुस्त करणाऱ्यानेही स्क्रू बदलण्यापूर्वी यंत्राच्या अंगावर काही लिहिले आहे का ते वाचावे, नसेल तर पाळीवरच्या माणसाला विचारावे.

आज या भागातल्या किती घरांतली मुले पुण्याला, बंगळूरला, सातासमुद्रापलीकडे हेच काम करतात. दिवाळीला ती घरी येतील तेव्हा त्यांच्या धंद्यातले आपल्याला काय कळते, असे म्हणून आईवडील गप्प राहतील. गप्प राहू नये. कंपायलर कळत नसला तरी एक प्रश्न कुणालाही विचारता येतो: ‘बाळा, तुझं चालतंय, हे बरं झालं. पण ते कशावर चालतंय, हे तुझ्यानंतर तिथं बसणाऱ्याला ठाऊक आहे का?’